२७ एप्रिल २०११ चा टोर्नेडो आउटब्रेक: अलाबामात नेमकं काय झालं, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की अमेरिकेच्या साउथमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना हेच प्रश्न पडतात, आणि तिकडे पुण्या-नाशिकला टीव्हीवर काहीतरी बघून घरच्यांना त्याच्या दुप्पट पडतात. दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. आम्ही उत्तर अलाबामात आलो ते या वादळानंतर, त्यामुळे त्या दिवसाबद्दल जे आहे ते रेकॉर्डवरचं आहे, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण इथे आजही कुणाशी बोललात तर “एप्रिल ट्वेंटी-सेव्हन” एवढंच म्हणतात, वर्ष सांगावं लागत नाही.

झालं काय होतं, थोडक्यात सांगा ना

२५ ते २८ एप्रिल २०११ या चार दिवसांत अमेरिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागात साधारण ३६० टोर्नेडो झाले. त्यातला सगळ्यात वाईट दिवस २७ तारखेचा, बुधवार, त्या एका दिवसात २०० च्या वर. तीनशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक त्याच दिवशी दुपार ते रात्र या काही तासांत. मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी, जॉर्जिया ही मुख्य राज्यं, शिवाय आर्कान्सा आणि व्हर्जिनियातही मृत्यू झाले. नुकसान १० अब्ज डॉलरच्या वर. १९२५ नंतर अमेरिकेत टोर्नेडोने एका दिवसात एवढी माणसं कधीच मारली नव्हती. इंग्रजीत याला “२०११ सुपर आउटब्रेक” म्हणतात.

मृतांचा आकडा प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा दिसेल, त्याने गोंधळू नका. कुणी फक्त टोर्नेडोत थेट गेलेले मोजतं, कुणी नंतर जखमांनी गेलेले, वीज नसताना जनरेटरच्या धुराने गेलेले, सरळ वाऱ्याने झाड पडून गेलेले असे सगळे धरतं. एकट्या अलाबामाचा आकडा अडीचशेच्या आसपास जातो एवढं लक्षात ठेवा.

आउटब्रेक म्हणजे एकच मोठं वादळ का?

नाही नाही. एकाच हवामानाच्या गडबडीतून, लागोपाठ किंवा एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी बरेच टोर्नेडो होणं म्हणजे आउटब्रेक. २७ तारखेला संध्याकाळी रडारवर बघितलं तर मिसिसिपीपासून जॉर्जियापर्यंत सुटी सुटी सुपरसेल वादळं रांगेने ईशान्येकडे चाललेली दिसत होती आणि त्यातली बरीचशी एकामागोमाग टोर्नेडो सोडत होती. सुपरसेल म्हणजे आतून गोल फिरणारा गडगडाटी ढग, तासन् तास जिवंत राहतो. अलाबामातल्या टस्कलूसा शहरावर जे वादळ आलं ते मिसिसिपीत तयार झालं आणि नॉर्थ कॅरोलायनात जाऊन संपलं, सात तासांच्या वर. टोर्नेडो म्हणजे त्या ढगाचं जमिनीला टेकलेलं टोक, आणि ते एकाच ढगातून परत परत टेकू शकतं.

आपल्याकडे निसर्ग वादळ आलं होतं तसंच ना?

नाही, आणि ही गल्लत मराठी बातम्यांत कायम होते. जून २०२० मध्ये श्रीवर्धनच्या बाजूला आलेलं निसर्ग हे चक्रीवादळ होतं, समुद्रावर तयार झालेलं, शेकडो किलोमीटरचा पसारा, दोन-तीन दिवस आधीपासून त्याचा मार्ग सांगता येत होता, वारे ताशी १०० ते १२० किलोमीटर. टोर्नेडो जमिनीवर तयार झालेल्या ढगातून उतरतो, रुंदी काही मीटरपासून फार तर दोन-चार किलोमीटर, आयुष्य बहुतेक वेळा काही मिनिटांचं, आणि जोरकस असेल तर वारे ताशी ३०० च्या वर. तो नेमका कुठल्या गल्लीतून जाणार हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. एका बाजूचं घर भुईसपाट आणि समोरच्या घराच्या गॅलरीतल्या कुंड्या जागेवर, हे टोर्नेडोतच होतं.

त्याच दिवशी एवढे का झाले?

टोर्नेडोला जे जे लागतं ते सगळं एकाच दिवशी एकाच भागावर आलं म्हणून. खाली गल्फ ऑफ मेक्सिकोवरून आलेली गरम दमट हवा, वर जोरात वाहणारा जेट स्ट्रीम म्हणजे खूप उंचावरचा वाऱ्याचा पट्टा, आणि जमिनीपासून वर जाताना वाऱ्याची दिशा आणि वेग झपाट्याने बदलणं, याला विंड शिअर म्हणतात, त्यानेच ढग गोल फिरायला लागतो. नुसती उष्णता असेल तर वळीव पडतो, नुसता शिअर असेल तर ढगच नीट उभा राहत नाही. त्या दिवशी दोन्ही भरपूर.

त्यात सकाळी एक वेगळीच वादळांची रांग पहाटेपासून अलाबामावरून गेली. पुष्कळांना वाटलं की चला, आलं आणि गेलं. दुपारी ऊन पडलं, हवा परत तापली, आणि शिवाय सकाळच्या वादळांनी थंड-गरम हवेच्या ज्या सीमा मागे सोडल्या होत्या त्यांनी उत्तर अलाबामात फिरकीला अजूनच मदत केली. ही सकाळची रांग लक्षात ठेवा, पुढे मेलेल्यांच्या हिशेबात ती परत येणार आहे.

हवामान खात्याला आधी कळलं नव्हतं का?

कळलं होतं! हाच तर या सगळ्या प्रकरणातला बोचणारा भाग आहे. कित्येक दिवस आधीपासून स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने (हवामान खात्याचं वादळांचा अंदाज देणारं केंद्र) हा भाग दाखवला होता, त्या दिवशी सगळ्यात वरची “हाय रिस्क” पातळी दिली, दुपारी “विशेष धोकादायक परिस्थिती” असा शिक्का मारलेले टोर्नेडो वॉच (आज होऊ शकतो असा इशारा) काढले. शाळा, ऑफिसं बऱ्याच ठिकाणी लवकर सोडली. एकेका टोर्नेडोची वॉर्निंग (आत्ता लपा असा इशारा) सरासरी वीस मिनिटांहून जास्त आधी मिळाली, जी त्या काळच्या सरासरीपेक्षा चांगली होती.

आणि टस्कलूसाचा टोर्नेडो तर टीव्हीवर लाइव्ह होता. बर्मिंगहॅमच्या चॅनलवर जेम्स स्पॅन नावाचे हवामानतज्ज्ञ आहेत, अलाबामात त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही, कोट काढून नुसत्या शर्ट-सस्पेंडर्सवर आले की लोक समजतात आज प्रकरण गंभीर आहे. त्यांच्या चॅनलच्या शहरातल्या कॅमेऱ्यावर तो काळा खांब शहरात शिरताना लाखो लोकांनी बघितला. म्हणजे अंदाज बरोबर, वॉर्निंग वेळेवर, चित्र समोर. तरी तीनशेच्या वर.

मग एवढी माणसं का गेली?

एकच कारण कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला जी पटतात ती अशी.

पहिलं ते सकाळचं. त्या पहाटेच्या वादळांनी हजारो घरांची वीज घालवली, वेदर रेडिओचे (हवामानाचे इशारे देणारा रेडिओ) काही ट्रान्समीटर बंद पडले, काही ठिकाणी सायरनही. म्हणजे दुपारी खरं संकट आलं तेव्हा ज्यांना ते सांगायला हवं होतं त्यांच्याकडे टीव्ही नाही, इंटरनेट नाही, फोनची बॅटरी संपत आलेली. आणि आज फोन जो कर्कश आवाज करून अलर्ट देतो ना, ती सरकारी सिस्टिम तेव्हा नव्हतीच, ती एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाली. बरोबर एक वर्षाने.

दुसरं म्हणजे सवय. त्या काळात दर चार टोर्नेडो वॉर्निंगमागे साधारण तीन खोट्या ठरायच्या. शिवाय बऱ्याच काउंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वॉर्निंग एका कोपऱ्याला असली तरी सायरन अख्ख्या काउंटीत वाजायचे. दर वसंतात चार-पाचदा सायरन वाजतो आणि काही होत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार, अंगणात येऊन बघतो. हे आळशीपणाचं लक्षण नाही, संशोधकांनी परत परत दाखवलंय की लोक वॉर्निंग ऐकून लगेच लपत नाहीत, आधी खात्री करून घेतात, खिडकीतून बघतात, भावाला फोन करतात, दुसरं चॅनल लावतात. आपणही तेच करू. पण इथे डोंगर-झाडी एवढी की टोर्नेडो दिसेपर्यंत तो अंगावर आलेला असतो, आणि वादळं ताशी ८० ते ९० किलोमीटरने धावत होती. कॅन्सससारखं सपाट मैदानात दहा मैलांवरून सोंड दिसते तसं इथे नाही.

तिसरं, घरं. आरोग्य विभागाच्या म्हणजे सीडीसीच्या अभ्यासात मृतांपैकी चतुर्थांशाहून जास्त मोबाइल होममध्ये होते आणि जवळजवळ अर्धे साध्या स्वतंत्र घरांत. म्हणजे “मोबाइल होमवाले गेले, आमचं घर पक्कं आहे” असं म्हणून चालत नाही. जोरदार टोर्नेडोत लाकडी फ्रेमचं घर पायापासून उचललं जातं, आणि मग बाथरूममध्ये बसलात काय नि हॉलमध्ये बसलात काय. ज्यांनी सगळं बरोबर केलं तरी गेले अशीही माणसं त्यात आहेत, हे लिहायला जड जातं पण खरं आहे.

मोबाइल होम म्हणजे चाकांवरची गाडी का?

नाव तसं आहे पण नाही. फॅक्टरीत बनवलेलं घर ट्रकवरून आणून जागेवर विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवतात आणि पट्ट्यांनी जमिनीला बांधतात. स्वस्त पडतं, त्यामुळे साउथच्या खेड्यांत खूप आहेत. साधा टोर्नेडोसुद्धा त्याला उलटवतो. म्हणून तिथे राहणाऱ्यांनी वॉर्निंगची वाट बघायचीच नाही, वॉच आला की पक्क्या इमारतीत नाहीतर सार्वजनिक शेल्टरमध्ये जायचं. अर्थात गाडी पाहिजे, वेळ पाहिजे, कामावरून सुट्टी पाहिजे, म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यायला कुणीतरी पाहिजे. सल्ला देणं सोपं असतं.

टस्कलूसात काय झालं?

टस्कलूसा म्हणजे तेव्हा नव्वद हजार वस्तीचं युनिव्हर्सिटीचं गाव. टोर्नेडो संध्याकाळी पाचनंतर शहरात शिरला, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. वाऱ्याचा अंदाज ताशी ३०५ किलोमीटर, म्हणजे ईएफ४ ची वरची बाजू (टोर्नेडोचा जोर ० ते ५ असा ठरवतात, पुढे सांगतो). रोझडेल कोर्ट ही सरकारी घरांची वसाहत, फॉरेस्ट लेकच्या बाजूची घरं, पंधरावा रस्ता आणि मॅकफार्लंड बुलेव्हार्डचा गजबजलेला चौक, मग अल्बर्टा, होल्ट, सगळं घेत गेला. मोठं हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटीचं फुटबॉल स्टेडियम थोडक्यात चुकलं. पण काउंटीचं आपत्कालीन व्यवस्थापनाचं ऑफिसच उद्ध्वस्त झालं, म्हणजे ज्यांनी मदत पाठवायची त्यांच्याच डोक्यावर छप्पर नाही.

तिथून तो तसाच पुढे बर्मिंगहॅमच्या उपनगरांत, काँकर्ड, प्लेझंट ग्रोव्ह, प्रॅट सिटी. एकूण १३० किलोमीटरचा पट्टा, ६४ मृत्यू, हजाराच्या वर जखमी. अलाबामा युनिव्हर्सिटीचे सहा विद्यार्थी गेले. परीक्षा रद्द झाल्या, पदवीदान ऑगस्टवर ढकललं. दोन दिवसांनी अध्यक्ष ओबामा येऊन गेले, महापौर वॉल्ट मॅडॉक्स त्यांना घेऊन फिरले, असं नुकसान आपण कधी बघितलं नाही असं ओबामा तेव्हा म्हणाले होते.

सगळ्यात जास्त माणसं टस्कलूसात गेली ना?

नाही. कॅमेऱ्यावर टस्कलूसा दिसलं म्हणून तेच लक्षात राहिलं. जास्त माणसं, सत्तरच्या वर, गेली ती हॅकलबर्ग–फिल कॅम्पबेल टोर्नेडोत. उत्तर अलाबामातली ही दोन छोटी गावं, लोकवस्ती प्रत्येकी हजार-दीड हजार. टोर्नेडो दुपारी तीननंतर हॅकलबर्गमध्ये आला, ईएफ५, ताशी ३३८ किलोमीटर, आणि दोनशेहून जास्त किलोमीटर धावून टेनेसीत शिरला. हॅकलबर्गमध्ये रँगलर जीन्सचं वितरण केंद्र होतं, गावातली सगळ्यात मोठी नोकरीची जागा, ते पूर्ण गेलं, जीन्सच्या पँटी मैलोन् मैल शेतांत आणि झाडांवर लटकलेल्या सापडल्या. शाळा गेली. आता विचार करा, हजार-दीड हजाराच्या गावात अठरा माणसं एका दुपारी जाणं म्हणजे काय, ओळखीचं नाही असं कुणीच उरत नाही. नंतर कंपनीने तिथेच परत बांधकाम केलं, नाहीतर गाव उठलंच असतं असं इथले लोक म्हणतात.

याच टोर्नेडोच्या वाटेवर पुढे टॅनर गाव लागतं. १९७४ मध्ये एकाच संध्याकाळी दोन मोठे टोर्नेडो ज्या गावावरून गेले होते ते हेच.

ईएफ५ म्हणजे किती? आणि ते मोजतात कसं?

ईएफ स्केल ० ते ५, २००७ पासून अमेरिकेत वापरतात, त्याआधीचा फुजिता यांचा एफ स्केल. ईएफ५ म्हणजे ताशी ३२२ किलोमीटरच्या वर. गंमत म्हणजे वारा कुणी मोजत नाही, वाऱ्यात यंत्र टिकत नाही. टोर्नेडो गेल्यावर टीम जाते आणि काय कसं मोडलं ते बघून मागे हिशेब लावते, घर पायाला बोल्टने घट्ट होतं का, झाडाची साल निघाली का वगैरे. म्हणून मोकळ्या शेतातून गेलेला भयंकर टोर्नेडो कागदावर किरकोळ ठरू शकतो.

२७ एप्रिलला असे चार ईएफ५ झाले, एका दिवसात चार. मिसिसिपीत फिलाडेल्फियाजवळ एक, स्मिथव्हिलला एक, अलाबामात हॅकलबर्गचा आणि रेन्सव्हिलचा. फिलाडेल्फियाच्या टोर्नेडोने कुरणातली माती सुमारे दोन फूट खोल खरवडून काढली. स्मिथव्हिलमध्ये एक फोर्ड एक्सप्लोरर, म्हणजे दोन टनांची एसयूव्ही, अर्धा मैल उडाली आणि वाटेत गावाच्या पाण्याच्या टाकीला वरच्या बाजूला धडकली. टाकीवरचा तो पोचा फोटोत दिसतो.

जवळ न्यूक्लियर प्लांट होता म्हणे, तिथे काय झालं?

ब्राउन्स फेरी, अथेन्स गावाजवळ. बाहेरून वीज आणणाऱ्या लाइन तुटल्यावर तिन्ही रिअ‍ॅक्टर आपोआप बंद झाले आणि थंड ठेवायचं काम डिझेल जनरेटरवर चाललं. गळती झाली नाही. फुकुशिमा होऊन जेमतेम दीड महिना झाला होता त्यामुळे सगळ्यांचे श्वास अडकले होते, पण इथे जनरेटर चालले, तिथे त्सुनामीने बुडवले होते, फरक तो.

हंट्सव्हिलला आठवडाभर लाइट नव्हते हे खरं?

जवळजवळ. टेनेसी व्हॅली अथॉरिटी या इथल्या सरकारी वीज कंपनीचे शेकडो मोठे टॉवर आडवे झाले आणि उत्तर अलाबामा अंधारात गेला. हंट्सव्हिल म्हणजे रॉकेट सिटी, नासाचं मार्शल सेंटर इथलं, त्या शहरात पेट्रोल पंप बंद कारण पंपाला वीज लागते, एटीएम बंद, कार्ड मशीन बंद, रात्री कर्फ्यू. लोक पेट्रोल आणायला टेनेसीपर्यंत जात होते. म्हणून इथली जुनी मंडळी आजही घरात थोडी कॅश ठेवतात आणि एप्रिलमध्ये गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाहीत. हे मी पण शिकलो, आणि फ्रीझरमध्ये दोन महिन्यांचं मटण भरून ठेवायची सवय मात्र सोडली.

फोटो उडून दुसऱ्या राज्यात सापडले ही अफवा आहे का?

अजिबात नाही. चेक, शाळेचे निकाल, लग्नाचे फोटो, बाळाच्या सोनोग्राफीचे कागद असलं सगळं आकाशातून दूरवर लोकांच्या अंगणात पडलं. फेसबुकवर एक पेज सुरू झालं, सापडलेली वस्तू तिथे टाकायची आणि ज्याची आहे त्याने ओळखायची, आणि खरंच शेकडो वस्तू घरी परत गेल्या. ज्यांचं घर गेलं त्यांना निदान आजीचा एक फोटो मिळाला. पुढे जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्याच पेजवरून नऊशेच्या वर वस्तूंचा प्रवास नकाशावर मांडला. सगळ्यात लांब गेलेला एक फोटो, फिल कॅम्पबेलहून टेनेसीतल्या लेनॉयर सिटीपर्यंत, साडेतीनशे किलोमीटर. मुंबईहून निघून सोलापूरच्या आसपास पडावा तेवढा.

मदत कुणी केली?

सरकार, चर्च, रेड क्रॉस हे होतेच. पण दोन गोष्टी मला फार आवडतात.

एक, “टूमर्स फॉर टस्कलूसा”. अलाबामा आणि ऑबर्न या दोन युनिव्हर्सिटींची फुटबॉलवरून खुन्नस म्हणजे गावातल्या दोन तालमींचं वैर, लग्नं जुळवताना विचारतात अशी थट्टा चालते. त्याच वर्षी अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नर या चौकातल्या जुन्या ओक झाडांना विष घातल्याचं बाहेर आलं होतं, म्हणजे वातावरण किती तापलेलं असेल बघा. आणि दोनच महिन्यांनी ऑबर्नच्याच चाहत्यांनी त्याच टूमर्सचं नाव घेऊन टस्कलूसासाठी मदतीचं ऑनलाइन जाळं उभं केलं, कुठे पाणी हवंय, कुठे करवत आणि ताडपत्री हवी ते बघून ट्रक पाठवले.

दुसरी, फिल कॅम्पबेल. हे गावाचं नाव म्हणजे चक्क एका माणसाचं नाव आहे, रेल्वेच्या काळातला माणूस. तर जगभरातल्या फिल कॅम्पबेल नावाच्या लोकांनी आधीच ठरवलं होतं की जून २०११ मध्ये या गावात जमायचं, निव्वळ मजा म्हणून. मग एप्रिलमध्ये गावच गेलं. ते तरीही आले, पैसे जमवून आले, आणि ढिगारे उपसायला हात लावला.

त्यानंतर काय बदललं?

बरंच, पण सगळं फक्त या वादळामुळे असं म्हणता येणार नाही, कारण महिन्याभरात, २२ मे २०११ ला, मिझुरीतल्या जॉपलिनवर एकच टोर्नेडो आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. दोन्ही मिळून हवामान खात्याला हलवून गेले. वॉर्निंगची भाषा बदलली, पूर्वी सगळ्यांना एकाच साच्यातला मजकूर जायचा, आता किती मोठं नुकसान होऊ शकतं ते सरळ लिहितात. रडार सुधारले, आता हवेत उडणारा ढिगारा रडारवर दिसतो, म्हणजे रात्रीसुद्धा “टोर्नेडो जमिनीवर आहे, नुकसान चालू आहे” हे खात्रीने सांगता येतं. अलाबामात बऱ्याच गावांनी सार्वजनिक शेल्टर बांधली. शाळांमध्ये सेफ रूमचा (टोर्नेडोत टिकेल अशी मजबूत खोली) कायदा मात्र आधीचा, २००७ मध्ये एंटरप्राइझ हायस्कूलमध्ये आठ विद्यार्थी गेले त्यानंतरचा.

आणि हेल्मेट. बर्मिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांनी डोक्याच्या दुखापती बघून सांगितलं की सायकलचं, बाइकचं, बेसबॉलचं कुठलंही हेल्मेट घाला. आता इथे पोरंसोरं हेल्मेट घालून बाथटबमध्ये बसतात. दिसतं विनोदी, पण घाला.

घराला बेसमेंट का नाही बांधत मग?

चिकणमाती, खाली चुनखडी, पाणी वर, खर्च जास्त. आणि उत्तरेकडे थंडीमुळे पाया खोल घ्यावाच लागतो, इथे गरज नाही, म्हणून बिल्डर घेत नाही. पर्याय म्हणजे गॅरेजमध्ये बोल्ट केलेली स्टीलची सेफ रूम किंवा जमिनीत पुरलेलं शेल्टर. काही हजार डॉलर जातात.

वॉच आणि वॉर्निंगमध्ये फरक काय?

वॉच म्हणजे आज होऊ शकतं, चार्जिंग करा, बूट जवळ ठेवा. वॉर्निंग म्हणजे रडारवर दिसतंय किंवा कुणी बघितलंय, आत्ता जा. मराठी घरांत वॉर्निंग आल्यावर आधी इंडियाला फोन लावायची पद्धत आहे, ती बंद करा. नंतर लावा.

खिडक्या उघडायच्या का? पुलाखाली थांबायचं का?

दोन्ही नाही. खिडक्या उघडल्या तर आतला दाब सारखा होऊन घर वाचतं हा जुना गैरसमज आहे, तुम्ही नुसता वारा आत घेता आणि वेळ घालवता. पुलाखाली वारा उलट जोरात येतो आणि ढिगारा अंगावर, १९९९ च्या ओक्लाहोमाच्या टोर्नेडोत पुलाखाली थांबलेली माणसं गेली आहेत. सगळ्यात खालचा मजला, मधली खोली, खिडकी नको, अंगावर गादी, डोक्यावर हेल्मेट, पायात बूट. बूट लोक विसरतात आणि नंतर काचांवरून अनवाणी चालतात.

सायरन वाजला नाही तर समजायचं काही नाही?

सायरन बाहेर शेतात, मैदानात असलेल्या माणसासाठी असतो. एसी लावून दार बंद करून झोपलात तर ऐकू येणार नाही. जेम्स स्पॅन तर वर्षानुवर्षं ओरडून सांगतात की सायरनवर विसंबून राहणं जीवघेणं आहे. फोनचे अलर्ट चालू ठेवा, शिवाय तीस-चाळीस डॉलरचा बॅटरीवाला वेदर रेडिओ घ्या. फोनमधले अलर्ट रात्री झोपमोड होते म्हणून बंद केलेले असतील तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता चालू करा.

भारतात असे टोर्नेडो होतात का?

होतात, मुख्यतः बंगाल, ओडिशा, आसाम पट्ट्यात, कालबैसाखीच्या म्हणजे तिकडच्या वळवाच्या वादळांच्या दिवसांत. मार्च २०२४ मध्ये जलपायगुडीत मैनागुडीला झाला, माणसं गेली. मार्च १९७८ मध्ये दिल्लीत झाला होता, २८ मृत्यू. आणि जगातला सगळ्यात जीवघेणा टोर्नेडो अमेरिकेतला नाहीच, तो बांगलादेशातल्या दौलतपूर-साटुरियाचा, २६ एप्रिल १९८९, सुमारे १३०० माणसं. महाराष्ट्रात उन्हाळ्यात शेतात जी धुळीची वावटळ उठते ती वेगळी, ती ढगाला जोडलेली नसते.

हे क्लायमेट चेंजमुळे का?

सरळ हो म्हणता येत नाही. एकूण जोरदार टोर्नेडोंची संख्या स्पष्टपणे वाढल्याचं दिसत नाही. दोन गोष्टी दिसतात, एक म्हणजे टोर्नेडो कमी दिवसांत पण एकाच दिवशी जास्त असे गठ्ठ्याने येतायत, आणि दुसरं, त्यांचा जोर मैदानी भागाकडून पूर्वेला, म्हणजे मिसिसिपी-अलाबामा-टेनेसीकडे सरकतोय. इथे वस्ती दाट, झाडी दाट, मोबाइल होम जास्त, रात्रीचे टोर्नेडो जास्त. त्यामुळे टोर्नेडो तेवढेच राहिले तरी माणसं जास्त सापडतात.

आई-बाबा एप्रिलमध्ये येणार आहेत, तिकीट पुढे ढकलू का?

नका ढकलू. एखाद्या ठराविक घरावर जोरदार टोर्नेडो येण्याची शक्यता फार कमी असते, अलाबामातसुद्धा. पण ते आल्यावर पहिल्याच शनिवारी एकदा सगळ्यांनी मिळून त्या मधल्या बाथरूममध्ये खरंच जाऊन बसून बघा, मावतो का ते. बाबांचे गुडघे दुखत असतील तर तिथे एक बुटकं स्टूल आधीच ठेवा. त्यांच्या इंडियाच्या फोनवर इथला अलर्ट येईलच असं धरून चालू नका, इथलं सिम घालून द्या. तुम्ही ऑफिसात असताना वाजलं तर काय करायचं ते मराठीत कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की घरात दोन म्हातारी माणसं आहेत. औषधं, चष्मा, पासपोर्ट एका पिशवीत घालून पिशवी त्याच बाथरूममध्ये टांगा.